‘व्हीलर डीलर्स’ आणि जुन्या गाड्या दुरुस्त करून विकण्याचे कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी विकत घ्यायची, ती दुरुस्त करायची आणि विकायची, एवढ्याच कथानकावर चालणारे टीव्ही कार्यक्रम मी पंधराएक वर्षं नेमाने बघतो आहे. त्याबद्दल वाचकांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी उत्तरांसह मांडले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, कागदपत्रांचे आणि अडचणीचे शेवटी.

१. हे कार्यक्रम नेमके कुठले? सुरुवात कुठून करावी?

सुरुवात ‘व्हीलर डीलर्स’पासून करा. हा ब्रिटिश कार्यक्रम २००३ मध्ये डिस्कव्हरीवर सुरू झाला. माइक ब्रुअर गाडी शोधतो आणि भाव पाडून विकत घेतो, मेकॅनिक (२०१७ पर्यंत एड चायना) ती दुरुस्त करतो, मग माइक ती विकतो. पुढे आलेल्या बहुतेक कार्यक्रमांनी हाच साचा थोडा इकडेतिकडे करून वापरला. अमेरिकेचा ‘फास्ट एन लाउड’ २०१२ मध्ये आला. टेक्सासमधल्या डॅलसच्या गॅस मंकी गॅरेजचा तो कार्यक्रम, रिचर्ड रॉलिंग्ज त्याचा म्होरक्या. ‘ओव्हरहॉलिन’ त्याहून जुना, २००४ चा. त्यात चिप फूज हा नावाजलेला डिझायनर गाडीचं रूपच बदलून टाकतो. विक्री नसलेले कार्यक्रमही याच घराण्यातले आहेत, ते प्रश्न ११ मध्ये.

२. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तरी तासभर जागचं उठवत नाही. असं का होतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

या कार्यक्रमांत बिघाडाचं कारण डोळ्यांना दिसतं. आपल्या रोजच्या आयुष्यात हे फार कमी वेळा घडतं. मोबाइल बिघडला तर दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. फ्रिज बिघडला तर ‘कॉम्प्रेसर’. आत काय झालं, ते आपल्याला कोणी दाखवत नाही.

आता गाडी गरम होते आहे असं समजा. मेकॅनिक थर्मोस्टॅट काढतो, म्हणजे इंजिनमधलं तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तळहातावर मावेल एवढीशी पितळी चकती, मध्ये एक स्प्रिंग. तो ती पातेल्यात पाण्यात ठेवतो आणि खाली आच लावतो. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापलं की आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप हळूहळू उघडायला हवी. पाणी खळखळून उकळतं आहे आणि झडप मिटलेलीच आहे. संपलं. रेडिएटरमध्ये पाणी का जात नव्हतं, हे आता तुम्हालाही कळलं, मलाही कळलं आणि शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलीलाही कळलं. तुम्हाला गाडीतलं कळत नव्हतं, हे वाक्य त्या क्षणापुरतं खोटं झालेलं असतं.

दुसरं कारण असं की काम पुरं होतं. पहिल्या पाच मिनिटांत चार दोष मोजून सांगतात, पुढच्या पाऊण तासात ते चारही एकेक करून निघतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या नोकरीत असं कधी घडत नाही. फाइल पुढे सरकते, पुन्हा परत येते. इथे मात्र गाडी अंगणातून स्वतःच्या चाकांवर निघून जाते.

३. एड चायनाचं एवढं कौतुक का? मेकॅनिक तर सगळ्याच कार्यक्रमांत असतात.

कारण तो काम करताना समजावून सांगत असे, आणि समजावताना तुम्हाला लहान करत नसे. साडेसहा फुटांहून उंच माणूस, हातात नारिंगी हातमोजे, आवाज कधी चढलेला नाही.

एक साधं काम घ्या. लोअर आर्ममधला, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यातला, रबरी बुश (धक्का शोषणारं नळकांडं) बदलायचा आहे. गॅरेजवाल्याकडे त्यासाठी हायड्रॉलिक प्रेस असतो, घरी नसतो. एड गोटी पान्याच्या दोन गोट्या (पान्याला लावायच्या पोकळ टोप्या) घेतो. एक बुशच्या बाहेरच्या कड्यापेक्षा किंचित लहान, दुसरी बुश आत मावेल एवढी मोठी. लहान गोटी एका बाजूला, मोठी दुसऱ्या बाजूला, मध्ये आर्म, आणि हे सगळं व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून दांडा फिरवायचा. लहान गोटी बुशला ढकलते, तो सरकत सरकत मोठीच्या पोकळीत उतरतो. शेवटी ‘टक्’ असा आवाज येतो. नवा बुश बसवताना कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि हेच उलट करायचं. हे बघितल्यावर माझ्या ओळखीतल्या तीन जणांनी स्वतःच्या गाडीचे बुश घरी बदलले आहेत. त्यातला एक बँकेत कॅशियर आहे.

हा माणूस गमतीशीर वाहनं बनवण्यासाठीही प्रसिद्ध आहे. त्याने इंजिन बसवलेला एक सोफा ताशी १४० किलोमीटरने पळवून गिनीज बुकात नोंद केली होती.

४. मग तो सोडून का गेला?

मार्च २०१७ मध्ये त्याने स्वतः व्हिडिओ करून सांगितलं. कार्यक्रमाचं चित्रीकरण तोवर अमेरिकेत गेलेलं होतं आणि वाहिनीला वर्कशॉपमधला भाग कमी करायचा होता, कारण चित्रीकरणात तोच सगळ्यात वेळखाऊ आणि अवघड. दुरुस्तीचा तपशील कापला तर कामाचा दर्जा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून तो बाहेर पडला.

मला हे त्या वेळी फार लागलं होतं आणि अजूनही तो निर्णय चुकला असंच वाटतं. प्रेक्षक गाडीसाठी येतो हा वाहिन्यांचा समज आहे. तो थर्मोस्टॅटच्या पातेल्यासाठी येतो (प्रश्न २ पाहा). तेच कापलं तर उरते ती गाडीची जाहिरात.

५. त्याच्यानंतरचे भाग बघण्यासारखे आहेत का?

आहेत. एडच्या जागी आधी अँट अॅनस्टेड आला. पूर्वी पोलिसात असलेला आणि स्वतः गाड्या बांधणारा हा माणूस, हाताने पत्रा घडवण्यात तयार. त्याच्यानंतर मार्क प्रीस्टली. सगळे त्याला एल्विस म्हणतात. तो मॅक्लॅरेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक होता. त्याच्या वेळी कार्यक्रम ब्रिटनला परत आला. तपशिलाची भूक पूर्ण भागवायची असेल तर मात्र २०१७ च्या आधीचे भाग बघा.

६. माझ्या सासूबाईंना दुरुस्तीत रस नाही, पण भाव करताना बघायला त्या हातातलं काम सोडून येतात. हे काय आहे?

त्यांना बाजार कळतो, एवढंच. माइक ब्रुअर गाडीभोवती फिरतो, दाराची फट बघतो, चाकाच्या कमानीवर बोटाने टिचकी मारतो, तोंडाने कौतुकही करतो आणि एकेक खोट मोजूनही दाखवतो. मग आकडा सांगतो आणि हात पुढे करतो. हात पुढे आला की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. भाजी घेताना निघून जायला वळणं आणि हाक येण्याची वाट बघणं, ही तीच विद्या.

आपल्याकडच्या बैलबाजारात यापेक्षा जुनी पद्धत आहे. दलाल आणि मालक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, कोणतं बोट किती वेळा दाबलं यावरून आकडा ठरतो आणि भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. माझे आजोबा बैलाचे दात बघत, खूर बघत, त्याला चालवून बघत, आणि मगच रुमालाखाली हात घालत. माइक गाडीखाली वाकतो तेव्हा मला दर वेळी तेच आठवतं. दोघांचंही काम एकच: समोरचा जे सांगत नाही ते हुडकायचं.

७. पण ती घासाघीस खरी असते की ठरवलेली?

कॅमेरा, मायक्रोफोन, उजेड आणि चित्रीकरणाची परवानगी हे सगळं आधी ठरल्याशिवाय कोणाच्या दारात असं पोचता येत नाही, एवढं तर उघडच आहे. विकणाऱ्याला कोण येणार ते माहीत असतं. म्हणजे दाखवलेली भेट ही पहिली, अचानक झालेली भेट नव्हे. घासाघिशीचा उपयोग तुम्हाला दोन ठिकाणी होईल: गाडीत काय बघायचं, आणि दोष सापडल्यावर तो अपमान न करता कसा सांगायचा. आकड्यांवर फार जाऊ नका.

८. शेवटी फळ्यावर जो नफा दाखवतात तो खरा असतो का?

जेवढं मोजलंय तेवढं खरं. खरेदी, सुटे भाग, बाहेरून करून घेतलेलं काम हे धरतात. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची मजुरी धरत नाहीत. एड चायनाने गाडीवर किती तास घालवले त्याची किंमत हिशेबात नसते, गॅरेजचं भाडं नसतं, वीज नसते. ती धरली तर बहुतेक भागांत फायदा उरणारच नाही.

यावर पुष्कळ लोक चिडतात. मी चिडत नाही, कारण ज्याला हे काम घरी, रविवारी, स्वतःच्या हातांनी करायचं आहे त्याच्यासाठी हाच हिशेब बरोबर आहे. आपल्या वेळाची किंमत आपण वसूल करत नसतो. मात्र धंदा म्हणून बघत असाल तर हा फळा विसरा आणि थेट प्रश्न १४ वर जा.

९. एका भागात गाडी तयार होते. प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

ब्रेक, बुश, क्लच प्लेट, सर्व्हिसिंग एवढंच असेल तर जाणत्या माणसाला आठवडाभर पुरे. पत्रा सडलेला असेल तर महिने मोजा. संपूर्ण गाडी सुटी करून, चासीपासून रंगापर्यंत नव्याने बांधायची असेल तर शेकडो तास लागतात आणि हजारावरही जातात. वेळ खाणाऱ्या गोष्टी टीव्हीवर दिसत नाहीत: गंजलेला बोल्ट तापवून, तेल पाजून, पाव फेरा पुढे आणि अर्धा फेरा मागे करत सोडवणं; लांबी (पुट्टी) भरून घासणं, पुन्हा भरणं, पुन्हा घासणं; आणि एका रबरी सीलची तीन आठवडे वाट बघणं.

१०. हे सगळे कार्यक्रम ब्रिटन-अमेरिकेतच का होतात? आपल्याकडे का नाहीत?

ब्रिटनमध्ये जुन्या गाडीभोवती पूर्ण व्यवस्था उभी आहे. तिथे एमओटी नावाची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली. आज तीन वर्षांपुढच्या गाडीला ती दरवर्षी करावी लागते आणि गाडीचा नंबर टाकला की आधीच्या तपासण्यांत काय दोष निघाले, किलोमीटर किती होते, हे कोणालाही फुकट बघता येतं. मीटर मागे फिरवून गाडी विकणाऱ्याची तिथे पंचाईत होते. चाळीस वर्षं जुनी गाडी मोठे बदल न करता जपलेली असेल तर तपासणीतूनही सूट मिळते आणि रस्ता करातूनही.

सुटे भाग तर विचारूच नका. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली. तिचं उत्पादन थांबल्यावर आठेक वर्षांनी ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने जुने साचे गोळा करून तिचा अख्खा सांगाडा पुन्हा नवा बनवायला घेतला. म्हणजे तुमची एमजीबी पूर्ण सडली तरी नवीन सांगाडा विकत मिळतो आणि जुन्या गाडीचं सामान त्यात बसवता येतं.

शिवाय गंज. हिवाळ्यात तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा तळ खातं. त्यामुळे ब्रिटिश कार्यक्रमात कुठेतरी सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करण्याचा प्रसंग येतोच. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना याचं काही सांगायला नको. त्यांच्या गाड्या खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस खातात.

आपल्याकडे दुरुस्तीची कला काही कमी नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानाची रांगच आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात न मिळणारा भाग लेथवर कातून घेता येतो. पण इथे दुरुस्ती ही रोजची गरज आहे, गाडी उद्या सकाळी कामावर निघाली पाहिजे. एवढ्या सर्रास घडणाऱ्या गोष्टीवर कोणाला कॅमेरा लावावासा वाटला नाही, हे माझं मत. वाटायला हवं होतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला वर्षानुवर्षं जगवणाऱ्या मिस्त्रींचं काम कोणी बारकाईने टिपलं असतं तर तो कार्यक्रम जगाने बघितला असता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली.

११. ज्यात गाडी विकत नाहीत असे कार्यक्रम कोणते? तेही तितकेच धरून ठेवतात का?

‘कार एसओएस’ आवर्जून बघा. २०१३ मध्ये सुरू झाला. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड, दोघांपैकी फझ हा मूळचा ड्रमवादक. मालक आजारपणामुळे किंवा ओढगस्तीमुळे गाडीचं काम अर्धवट टाकून बसलेला असतो. घरचे लोक गुपचूप गाडी बाहेर काढून देतात आणि तयार झाल्यावर अचानक त्याच्यापुढे आणून उभी करतात. माझ्या घरी त्याचे शेवटचे पाच मिनिट कोणी बोलत नाही.

बीबीसीचा ‘द रिपेअर शॉप’ २०१७ चा. त्यात गाड्या नसतात. घड्याळं, खेळणी, खुर्च्या, बाजाच्या पेट्या येतात. पण प्रश्न २ चं उत्तर तिथेही लागू पडतं.

१२. ब्रिटिश आणि अमेरिकन कार्यक्रमांत मला फरक जाणवतो, पण नेमका सांगता येत नाही.

ब्रिटिश कार्यक्रमात गाडी होती तशी करण्याकडे कल असतो, अमेरिकन कार्यक्रमात ती होती त्यापेक्षा वेगळी करण्याकडे. अमेरिकेत मोठं इंजिन, रुंद चाकं, नवा रंग, मुदत संपत आल्याचा ताण आणि शेवटी लिलाव. अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलचा बॅरेट-जॅक्सन लिलाव तर स्वतःच एक जत्रा आहे. ब्रिटिश भागात पाऊस पडत असतो आणि कोणीतरी चहा पीत असतो. मला दुसरा प्रकार जवळचा वाटतो, पण चिप फूज कागदावर पेन्सिलने गाडीची रेघ ओढतो तेव्हा अमेरिकन बाजूचंही मन भरून कौतुक वाटतं.

१३. बघून मलाही माझ्या गाडीत मोठं इंजिन किंवा वेगळी बॉडी बसवायची आहे. चालेल का?

भारतात सांभाळून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसीत नोंद लागते. रंग बदलला तरी नोंद लागते. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं, तेही नोंदवून. जीपला परस्पर वेगळी बॉडी चढवून विकणारे पुष्कळ आहेत. अशी गाडी घेतलीत तर अडचणीत येणारे तुम्ही असता, कारण आरसी तुमच्या नावावर असते.

मूळ रूपात दुरुस्त करण्याला मात्र कायद्याची काहीच हरकत नाही. मी म्हणेन त्यातच जास्त समाधान आहे.

१४. नोकरी सांभाळून एखादी गाडी घेऊन, दुरुस्त करून विकावी म्हणतो. जमेल का?

माझा हिशेब देतो. २०१७ मध्ये मी रत्नागिरीहून १९९९ ची मारुती ८०० घेतली, ४२,००० रुपयांना. इंजिन सुरेख वाजत होतं, रंगही बरा होता. मी इंजिनवर भाळलो आणि गाडीतली रबरी मॅट उचलून बघितली नाही. घरी आणल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढली. खालचा नमदा ओला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवून जरा दाबलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. गाडीच्या आतून मला फरशी दिसत होती.

पत्र्याचं काम १७,५००. ब्रेक आणि सस्पेन्शन ८,२००. चार टायर ९,६००. रंग ६,०००. नाव ट्रान्सफर आणि विमा ३,७००. एकूण ८७,०००. अकरा रविवारांनंतर ८१,००० ला विकली. सहा हजार गेले, आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही.

तरी मी दुसरी गाडी घेतली. कारण त्या अकरा रविवारांनंतर ब्रेकचं पेडल खाली जातं म्हणजे काय होतं, हे मला हाताला ठाऊक झालं. तेवढ्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. पैशासाठी असेल तर निदान गाडीखाली आडवं होऊन, मॅट उचलून, टॉर्च लावून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि कागद आधी: बँकेचा बोजा उतरला आहे का, चासी नंबर आरसीशी जुळतो का, चलनं थकली आहेत का. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव ट्रान्सफर झाल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

१५. एकाऐवजी वर्षाला दहा गाड्या केल्या तर?

मग तो व्यवसाय झाला. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं आणि गाडी ताब्यात आल्याची माहिती पोर्टलवर द्यावी लागते. जीएसटी नोंदणी असेल तर जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के कर आहे, तो पूर्ण किमतीवर नसून खरेदी-विक्रीतल्या फरकावर. नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःची गाडी विकली तर हा कर नाही. पुढचं तुमच्या सीएला विचारा.

१६. माझा मुलगा दहावीत आहे. हे कार्यक्रम बघून मेकॅनिक व्हायचं म्हणतो. त्याला थांबवू का?

थांबवू नका. शक्य असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवा, अंगाला ऑइलचा वास येऊ द्या. दोन महिन्यांनंतरही तेच म्हणत असेल तर आयटीआयमध्ये दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथून डिप्लोमाचा रस्ताही खुला राहतो. आजच्या गाडीत वायरिंग आणि सेन्सर एवढे आहेत की पाना आणि मल्टिमीटर दोन्ही हातात सारखेच बसणाऱ्या मुलाला काम कमी पडणार नाही. घरात ‘शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये जाशील’ हे वाक्य वापरत असाल तर ते आजपासून बंद करा, एवढी माझी कळकळीची विनंती.

१७. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी असेल तर नियम वेगळे आहेत का?

हो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००, नोंदणी दहा वर्षांची. ही गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही आणि व्यवसायासाठीही वापरता येत नाही. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहावी लागते.

१८. आजोबांची फियाट अंगणात वीस वर्षं उभी आहे. आजोबा गेले. गाडी त्यांच्याच नावावर आहे. कुठून सुरुवात करू?

दोन कामं बरोबरीने करा.

कागदांचं असं: मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं, असा नियम आहे. तुमची मुदत कधीच उलटली आहे, पण त्यामुळे दार बंद होत नाही, दंड आणि थकलेली शुल्कं भरावी लागतात. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि मूळ आरसी शोधा. आरसी सापडत नसेल तर आधी पोलिसांत नोंद, मग दुय्यम प्रतीचा अर्ज. नोंदणीची मुदत संपलेली असणार, त्यामुळे गाडी तयार झाल्यावर फिटनेस करून नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच.

गाडीचं असं: कृपा करून बॅटरी लावून किल्ली फिरवू नका. वीस वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला तर ओरखडे पडतात किंवा रिंग तुटते. टाकीतलं पेट्रोल आता डांबरासारखं झालेलं असेल, टाकी उतरवून ते काढा. चारही स्पार्क प्लग खोला आणि प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. चार दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे बघून क्रँकच्या पुलीच्या (इंजिनच्या टोकाशी असलेल्या चकतीच्या) नटावर लांब दांड्याचा पाना लावा आणि हळूच रेटा. हलली नाही तर पुन्हा ऑइल, पुन्हा चार दिवस. एखाद्या सकाळी ती पाव फेरा देईल. प्लगच्या भोकातून दबलेल्या हवेचा बारीक सुस्कारा ऐकू येईल. तेव्हा घरातल्यांना हाक मारा. त्यानंतर ब्रेकचे सिलिंडर आणि सगळ्या रबरी नळ्या बदलूनच चावीला हात लावा.

सुटं सामान मिळतं. १९६४ पासून २००० च्या सुमारापर्यंत हीच गाडी, नावं बदलत (शेवटचं नाव पद्मिनी), कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली, शिवाय मुंबईच्या हजारो टॅक्सींनी तिचं सामान आणि तिचे मिस्त्री दोन्ही टिकवून धरले. त्यातले बरेच मिस्त्री आता साठी-सत्तरीचे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.